लाईट जाते, इंजिन चालूच राहतं: चोर्ला घाटातल्या एका जुन्या पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हे प्रकरण गेल्या पावसाळ्यातलं. गाडीमालकांना विचारूनच लिहितोय. त्यांचं नाव-गाव आणि गाडीची कंपनी मुद्दाम वगळली आहे, कारण हा दोष कुठल्याही कंपनीच्या जुन्या पिकअपमध्ये निघू शकतो.

गाडी २००७ सालची, डिझेल, १२ व्होल्टची. लोखंडी चासी, तिच्यावर रबरी बुशांवर बसवलेली केबिन आणि मागे हौदा. इंजिनला कॉम्प्युटर वगैरे काही नाही. डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल, त्यावर करंटची एकच वस्तू, ती म्हणजे डिझेल बंद करणारा सोलेनॉइड. किल्ली ऑन केली की त्याला करंट मिळतो आणि डिझेलची वाट उघडते. करंट गेला की वाट बंद, इंजिन बंद. या सोलेनॉइडचा पुढे फार संबंध येणार आहे.

गाडीचं काम भाजीचं. रात्री बेळगावच्या एपीएमसीत कोबी, टोमॅटो, मिरची भरायची, जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा आणि केरी, साखळीमार्गे पहाटे गोव्याच्या बाजारात पोचायचं. ज्यांनी हा रस्ता जुलैत रात्री केला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, तिथला पाऊस धो-धो. जंगलातून रस्ता, वळणावर धुकं, मोबाईलची रेंज कधी असते कधी नसते. हेडलाईट, वायपर, काच पुसायला ब्लोअर, सगळं तीन-चार तास एकसारखं चालू ठेवावं लागतं.

मालक पन्नाशी उलटलेले, मी त्यांना मामा म्हणतो. गाडी आता त्यांचा मुलगा चालवतो.

तक्रार

मामा दुकानात आले तेव्हा जूनचा शेवट होता. म्हणाले, "मिस्त्री, गाडीचा करंटच जातोय बघा. लाईट एकदम मेणबत्तीसारखी होते. हॉर्न दाबला तर घसा बसल्यागत आवाज. पाच-दहा मिनिटांनी आपोआप येतंय पण."

मी विचारलं, इंजिन बंद पडतं का?

"इंजिनाला काय होत नाही. इंजिन आपलं चालूच."

मुलानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे लाईट लावली की टेंपरेचरचा काटा वर चढतो. दुसरी म्हणजे एक्सिलेटर जड लागतो. मे महिन्यापासून केबल दोनदा बदलून झाली. या दोन्ही गोष्टी त्यानं जाता जाता सांगितल्या. त्याला त्या वेगळ्या तक्रारी वाटत होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही वेगळ्याच वाटल्या. मी वहीत फक्त "लाईट डिम, हॉर्न बसका" एवढंच लिहून घेतलं.

म्हणजे दोष ओळखायला जे लागत होतं ते सगळं त्या पहिल्या दहा मिनिटांत माझ्यासमोर मांडलं गेलं होतं.

माझ्याकडे येण्याआधी काय झालं होतं

लाईट मंद झाली म्हणजे बॅटरी गेली, असं सगळ्यांनाच वाटतं. एका गॅरेजनं नवी बॅटरी बसवली. चार दिवस गाडी ठीक चालली. त्या चार दिवसांत पाऊस नव्हता, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. मग पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी डायनामो खोलून कार्बन आणि रेग्युलेटर बदलला. तरी फरक नाही. फ्यूज तर प्रत्येकानं पाहिले आणि प्रत्येकाला ते शाबूत दिसले.

फ्यूज शाबूतच असणार. फ्यूज उडतो तो करंट जास्त वाहिला म्हणून. इथं वाटेत अडथळा होता, करंट कमी वाहत होता. अशा दोषात फ्यूज कधीच उडत नाही.

बॅटरीविरुद्धचा पुरावाही गाडीतच होता. सेल्फ एका झटक्यात घेत होता. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. बॅटरी कमकुवत असती तर ती आधी तिथं दिसली असती. जी बॅटरी सेल्फला शंभर अँपिअर देते, ती दोन हेडलाईटना पंधरा अँपिअर देऊ शकत नाही, असं होणार नाही.

पहिली तपासणी आणि मी घेतलेला निर्णय

मी पद्धतशीर सुरुवात केली. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट. इंजिन चालू केल्यावर टर्मिनलवर १४.१. दोन्ही उत्तम. बॅटरी आणि डायनामो बाजूला ठेवले.

मग अर्थिंग पाहिलं, म्हणजे करंट गाडीच्या लोखंडातून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. मीटर बझरवर ठेवून एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी केबिनच्या बिजागरीच्या बोल्टला लावली. बझर वाजला, म्हणजे वाट जोडलेली आहे. मी वहीत लिहिलं, "अर्थ ओके."

इथं थोडं थांबून सांगतो, कारण ही चूक आमच्या धंद्यात रोज होते. बझर काही ओहमपर्यंतच्या अडथळ्यालाही वाजतो. मीटर बझरवर असताना जो करंट सोडतं तो अगदी मिलीअँपिअरमधला. केसासारखी एक तार शिल्लक असली तरी तेवढा करंट आरामात जातो. गाडीत त्याच वाटेनं तीस अँपिअर जायचे असतात. एक दशांश ओहम म्हणजे मीटरच्या हिशेबी काहीच नाही, त्याच्या पिनांच्या वायरीच तेवढ्या असतात. पण तीस अँपिअरला एक दशांश ओहम म्हणजे तीन व्होल्ट गेले. बाराच्या गाडीत तीन व्होल्ट म्हणजे पाव भाग.

मग किल्लीखालचं कव्हर काढलं आणि मला हवं होतं ते सापडलं. इग्निशन स्विचचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट, एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळला होता. पिन काळी, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं. कारणही उघड होतं. कुणीतरी धुक्याचे जादा दिवे किल्लीच्याच वायरला जोडून दिले होते, मध्ये रिले (जास्तीचा करंट किल्लीतून न नेता वेगळ्या वाटेनं देणारा स्विच) नाही, वेगळा फ्यूज नाही.

जळका कपलर बघितल्यावर माझा शोध थांबला. नवा कपलर घातला, स्विचचा कॉन्टॅक्ट बदलला, धुक्याच्या दिव्यांना वेगळा फ्यूज आणि रिले दिला. दुकानासमोर गाडी उभी करून, दुपारच्या उन्हात, हेडलाईट लावून दोन मिनिटं पाहिली. झकास उजेड. गाडी दिली.

तो कपलर खराब होता हे खरं, तो बदलायलाच हवा होता. पण त्या तक्रारीचं कारण तो होऊच शकत नव्हता. या गाडीत हेडलाईट आणि हॉर्न किल्ली बंद असतानाही चालतात, म्हणजे त्यांचा करंट किल्लीतून जात नाही. मग किल्लीचा कपलर जळल्यानं हॉर्न बसका कसा होईल? हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

कणकुंबीजवळची रात्र

आठव्या दिवशी रात्री अडीचला मुलाचा फोन आला. कणकुंबी ओलांडून पुढे गेल्यावर, मुसळधार पावसात, वळणावरच लाईट गेली होती. पूर्ण गेली नव्हती, तांबूस तार तेवढी दिसत होती. वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबला. इंडिकेटर लावला तर तो लुकलुकेना, नुसता मंद पेटून राहिला. मागे भाजीचा पूर्ण लोड. पुढे चाललेल्या एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून त्यानं गाडी कशीबशी रुंद जागेपर्यंत आणली आणि बाजूला घेतली. रेंज मिळाली तेव्हा मला फोन लावला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, तो घाबरला होता. त्या रात्री मला पुन्हा झोप लागली नाही. मी दुरुस्त झाली म्हणून दिलेली गाडी होती ती.

मी त्याला एकच सांगितलं, उजाडेपर्यंत हलू नकोस. आणि एक विचारलं, इंजिन चालू आहे का? त्यानं फोन खिडकीबाहेर धरला. पावसाच्या आवाजात इंजिन संथ चालल्याचं ऐकू येत होतं.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी गोव्याहून परतताना गाडी सरळ माझ्याकडे आली. मामाही आले होते. त्यांना तोवर तीन जणांनी तीन सल्ले दिले होते.

पहिला सल्ला संपूर्ण वायरिंग बदलण्याचा. सोळा-सतरा वर्षांची गाडी, उंदरांनी कुरतडलं असेल, एकदाच नवी हार्नेस टाका. मामांची त्याला तयारी होती. मी नको म्हटलं. खर्च मोठा, गाडी चार-पाच दिवस उभी. आणि मुख्य म्हणजे दोष वायरिंगच्या बाहेर असेल तर नवी हार्नेस टाकूनही तो तिथंच राहणार.

दुसरा सल्ला जुगाडाचा. बॅटरीपासून हेडलाईटना थेट जाडी वायर ओढायची. असं बरेच जण करतात आणि लाईट वाढतेही. पण प्लसची वायर कितीही जाडी ओढली तरी परतीची वाट खराब असेल तर काही उपयोग नाही, आणि वायपर, हॉर्न, इंडिकेटर होते तसेच राहतात.

तिसरा सल्ला गाडी विकून टाकायचा. मामा त्यावर गप्प होते. त्या गाडीवर त्यांचं घर चालतं.

मी चौथी वाट मांडली. आज काहीही बदलायचं नाही. संध्याकाळी पाऊस असताना मी स्वतः गाडीत बसून जांबोटीच्या रस्त्याला येतो आणि दोष चालू असतानाच मोजतो. त्याआधी मी कागदावर तीन गोष्टी लिहून काढल्या. हेडलाईट आणि हॉर्न किल्लीतून जात नाहीत. वायपर, ब्लोअर किल्लीतून जातात. ही दोन्ही एकदम मरतात. म्हणजे दोष किल्लीत नाही, दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. सामाईक वाटा दोनच: बॅटरीपासून केबिनला येणारी मेन प्लस वायर, किंवा केबिनपासून बॅटरीला परत जाणारा अर्थ.

आता सोलेनॉइड. त्याचा प्लसही त्याच मेन वायरमधून, किल्लीतून येतो. पण त्याचा अर्थ केबिनला नाही, तो पंपावर बसतो, पंप इंजिनवर आणि बॅटरीची मायनस केबल इंजिनलाच. मेन प्लस वायर एवढी गळत असती की हेडलाईटची फक्त तार लाल दिसावी, तर सोलेनॉइडनंही हात टेकले असते आणि इंजिन बंद पडलं असतं. ते पडत नव्हतं. उरला केबिनचा अर्थ.

हे सगळं मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलेल्या वाक्यात होतं.

जांबोटीच्या रस्त्यावर

पिरनवाडीहून जांबोटीच्या रस्त्याला लागलो तेव्हा झिमझिम होती, पुढे जोर धरला. मुलगा चालवत होता, मी शेजारी. लाईट लावताच टेंपरेचरचा काटा बोटभर वर सरकला. त्याला म्हटलं, बंद कर. काटा खाली. लाव. काटा वर. इंजिनातलं पाणी एका क्षणात तापत नाही आणि एका क्षणात निवतही नाही. काटा इंजिनाचं तापमान दाखवतच नव्हता, केबिन आणि इंजिन यांच्यातल्या व्होल्टेजचा फरक दाखवत होता. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनला अर्थ होतो, डॅशबोर्डची बाकीची मंडळी केबिनला. दोन अर्थ एकसारखे नसले की काटा खोटं बोलतो.

एका खड्ड्यातून गाडी गेली आणि लाईट मंद झाली. ब्रेक दाबला की आणखी मंद. वायपर रेंगाळला. इंजिनच्या आवाजात जराही फरक नाही.

जांबोटीत एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली गाडी उभी केली. इंजिन चालू, हेडलाईट, वायपर, ब्लोअर सगळं चालू. मीटर २० व्होल्ट डीसीवर. आधी बॅटरीच्या दोन खुंटांवर: १३.६. मग हेडलाईटच्या कपलरमध्ये मागून पिना घालून: ९.५. म्हणजे वाटेत ४.१ व्होल्ट हरवत होते.

कुठल्या बाजूला, ते पाहायचं होतं. एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरी हेडलाईटच्या प्लसवर: ०.७. जरा जास्त आहे, पण जुन्या गाडीत नवल नाही. मग काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, क्लॅम्पवर नाही तर खुंटाच्या शिशावरच, आणि लाल पिन हेडलाईटच्या अर्थवर. चांगल्या गाडीत इथं शून्याच्या आसपास दिसतं, ०.२ च्या वर गेलं की शोध घ्यायचा. मीटरवर ३.४ आले. पिन काढून पुन्हा लावली, पुन्हा ३.४.

काळी पिन तिथंच ठेवून लाल पिन एकेक टप्पा मागे नेली. केबिनच्या बिजागरीच्या बोल्टवर ३.३. चासीवर ०.१. इंजिनवर त्याहून कमी. तीन जागा, तीन आकडे. इंजिन ते चासी ठीक, केबिनचे दिवे ते केबिन ठीक. दोष केबिन आणि चासी यांच्या मध्ये, दुसरीकडे कुठंच नाही.

मग मला एक्सिलेटरची केबल आठवली. बॉनेट वर होतंच. पंपाच्या लिव्हरजवळ केबलच्या कव्हरला बोटं लावली आणि लगेच काढून घेतली. चांगलीच गरम होती, वरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं. केबिनचा करंट परत जायला नीट वाट नव्हती म्हणून त्यानं मिळेल ती वाट धरली होती: पेडलपासून केबलमधून पंपाला, पंपातून इंजिनला, इंजिनातून बॅटरीला. तीस अँपिअर आणि साडेतीन व्होल्ट म्हणजे शंभर वॉटच्या घरातली उष्णता, आणि तिचा बराच वाटा त्या बारीक केबलमध्ये. आतलं अस्तर वितळून तार चिकटत होती. दोन महिन्यांत दोन केबली गेल्या त्या याच्यामुळे.

शेवटची परीक्षा दोन मिनिटांची. गाडीत जंप मारायची केबल होती, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सेल्फ मारायला लागते ती जाड वायर. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं केबिनच्या उघड्या बोल्टला लावलं. हेडलाईटचा उजेड समोरच्या भिंतीवर एकदम पांढरा झाला. वायपर सपासप फिरायला लागला. टेंपरेचरचा काटा आपल्या जागी खाली येऊन बसला. मुलगा पावसात उभा राहून नुसता बघत होता. म्हणाला, "एवढंच?"

मूळ कुठं होतं

सकाळी गाडी रॅम्पवर घेतली. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, केबिनच्या आडव्या पट्टीपासून चासीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी असते. जागेवर होती. पण केबिनकडच्या टोकाखाली आधी करडा प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यावर काळं अंडरकोटिंग होतं. बोल्ट त्या सगळ्याच्या वरून आवळलेला. पट्टीची जाळी हातात घेतली तर अर्ध्या तारा हिरव्या भुग्यासारख्या गळून पडल्या.

आता मामांना विचारलं, केबिनचं काही काम केलं होतं का? केलं होतं. एप्रिलमध्ये, पासिंगच्या आधी. तळाचा पत्रा गंजला होता, टिंकरिंग आणि पेंटिंग करून घेतलं होतं. ज्यांनी केलं त्यांच्याशी फोनवर कानडीत बोललो. त्यांनी सरळ सांगितलं की केबिन जॅकवर थोडी उचलली होती, पट्टी सोडली होती आणि रंग झाल्यावर पुन्हा लावली होती. त्यांचं काम सुबक होतं, अंडरकोटिंग तर फारच चांगलं. त्या रंगाखालून करंट जातो हे त्यांच्या डोक्यात आलं नसणार.

एप्रिलमध्येच त्रास का झाला नाही? बोल्टच्या आट्यांमधून आणि केबिनच्या माउंटिंग बोल्टांमधून थोडीफार वाट मिळत होती. हायवेला कोरड्या हवेत, ब्लोअर-वायपर बंद असताना तेवढी पुरत होती. पाऊस आला, लोड दुप्पट झाला, आट्यांत गंज धरला, खड्ड्यांत रबरी बुशांवर केबिन हलली की लोखंड लोखंडाला कधी टेकायचं, कधी नाही. म्हणून दोष येत-जात होता. आणि म्हणूनच माझ्या दुकानासमोर, उभ्या गाडीत, दुपारी तो दिसला नव्हता.

प्रत्यक्ष काम

जुनी पट्टी साफ करून लावता आली असती. मी नवी घातली. सोबत बॅटरीच्या मायनसपासून केबिनपर्यंत एक वेगळी जाडी केबल ओढली, म्हणजे एक वाट बिघडली तरी दुसरी उभी. दोन्ही ठिकाणी पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि *नंतर* वरून ग्रीस आणि रंग दिला. क्रम उलटा झाला की काय होतं ते या गाडीनं दाखवलंच होतं. घासकाम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढून ठेवलं. हे मी शिकाऊ पोरांना दर वेळी सांगतो.

एक्सिलेटरची केबल तिसऱ्यांदा बदलली. हेडलाईटना रिले बसवले, त्यामुळे प्लस बाजूचे ०.७ होते ते ०.३ वर आले.

एका गोष्टीवर मामांशी वाद झाला. गाडीत १०० / ९० वॉटचे बल्ब होते, मी ६० / ५५ चे मूळचे घालायला सांगितले. मामा म्हणाले, चोर्ल्याच्या धुक्यात १०० पुरत नाही, तुम्ही ६० घाला म्हणता. त्यांची भीती खरी होती. पण फिलामेंटच्या बल्बचं गणित वेगळं असतं. व्होल्टेज पाव भागानं उतरलं तर उजेड पाव भागानं नाही, निम्म्याच्याही खाली उतरतो. साडेनऊ व्होल्टवरचा मोठा बल्ब तेरा व्होल्टवरच्या छोट्या बल्बपुढं हरतो, आणि वर वायरी, कपलर, रिफ्लेक्टर तापवतो. बोलून पटेना, म्हणून रात्री दुकानासमोरच्या भिंतीवर एका बाजूला नवा बल्ब लावून दाखवला, आणि जुना दिवा कसा दिसायचा ते नवा अर्थ सोडवून दाखवलं. मग त्यांनी मान हलवली.

परिणाम

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, पुन्हा पावसात, सगळा लोड चालू ठेवून मोजलं. अर्थच्या बाजूला ०.१. हेडलाईटच्या कपलरवर १३.२. गाडीनं उरलेला पावसाळा रोजची फेरी केली. दिवाळीआधी मी मुद्दाम बोलावून पुन्हा मोजलं, आकडा तोच होता. एक्सिलेटर हलका, टेंपरेचरचा काटा लाईट लावल्यावर जागचा हलत नाही.

बॅटरी, डायनामो आणि दोन केबलींवर मामांचे बारा हजारांच्या वर गेले होते. नवी पट्टी, केबल, थिंबल, वॉशर मिळून हजाराच्या आत बसलं. माझी पहिल्या वेळची मजुरी मी परत केली. कपलरचे पैसे मामांनी परत घेतले नाहीत, म्हणाले तो जळलेलाच होता की.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पहिल्या दिवशीचा प्रश्न. मी विचारलं "काय होतंय", पण "हे सुरू होण्याआधी गाडीला कुणी काय केलं" हे विचारलं नाही. एप्रिलचं टिंकरिंग तेव्हाच कळलं असतं तर मी पहिल्यांदा गाडीखाली गेलो असतो, किल्लीखाली नाही. आता माझ्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे.

दुसरं, सुटी वाटणारी लक्षणं. काटा चढणं, एक्सिलेटर जड होणं, हॉर्न बसणं हे मी तीन आजार धरले. वहीत तिन्ही ओळीनं लिहिली असती, तर जळक्या कपलरपाशी मला थांबता आलं नसतं. कारण कपलरनं एक्सिलेटर जड होत नाही. सापडलेला दोष सगळ्या लक्षणांना पुरतो का, हे न बघता मी गाडी सोडली, आणि एक पोरगा रात्री घाटात अडकला. याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसरं, चाचणीची वेळ. दोष रात्री, पावसात, हलत्या गाडीत येत होता आणि मी तो उन्हात, उभ्या गाडीत शोधला. पहिल्या दिवशी निदान सगळा लोड चालू करून मायनस बाजूचा एक आकडा घेतला असता, तर गाडी उभी असतानाही तीन नाही पण एखादा व्होल्ट तरी दिसलाच असता. बझरच्या भरवशावर "अर्थ ओके" लिहिणं मी तेव्हापासून बंद केलं आहे. आता तिथं व्होल्टचा आकडा लिहितो आणि शेजारी काय काय चालू होतं तेही.

एक निर्णय मात्र पुन्हा तसाच घेईन. मामा हार्नेस बदलायला पैसे घेऊन तयार होते, तेव्हा त्यांना एक संध्याकाळ थांबायला सांगितलं ते. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे आणि लाईट मंद होते, त्यांनी काहीही विकत घेण्याआधी, लाईट मंद असतानाच, जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं केबिनच्या रंग नसलेल्या बोल्टला लावून बघावं. लाईट वाढली तर दोष अर्थचा. नाही वाढली तर बॅटरी-डायनामो ठीक आहेत हे पाहून दिव्याची स्वतःची अर्थची वायर आणि प्लसची वाट, एकेक टप्पा मोजत जायचं.

टिंकरिंग करणाऱ्या त्या दुकानाला मी दातेरी वॉशरची एक पुडी देऊन आलो. केबिन उचललेली गाडी असली की आता ते रंगाआधी अर्थच्या जागेवर कागदाची पट्टी चिकटवतात, आणि गाडी द्यायच्या आधी एकदा माझ्याकडे पाठवतात.